उत्तरेच्या राजाचं पोस्टकार्ड

कपाट आवरताना एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. ‘माझी फौज नदीवर आली आहे. आता तुमची येऊ द्या. आपला मित्र, उत्तरेचा राजा.’ कॉलेजात असताना आम्ही काहीजण टपालाने राज्यं जिंकायचा एक खेळ खेळत होतो. महिन्याला एक चाल. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. खेळाचं नाव काही केल्या आठवेना, इंटरनेटवरही मिळेना. म्हणून कार्डावरच्या भुसावळच्या पत्त्यावर मी फोन नंबर लिहून पत्र टाकलं.

आठवड्याने फोन आला. “म्हणजे दक्षिणेचा राजा बाई होता?”

“होता. खेळाचं नाव काय हो?”

“नाव मीही विसरलो. तुमची फौज आली नाही, तेवढं आठवतं. राज्य गेलं माझं.”

तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. कळवायचं राहून गेलं. आपण सोडलेली गोष्ट तिथेच संपली, असं धरून चालतो. पलीकडे कुणी ताटकळत असेल, हे डोक्यातही येत नाही.

“मग दुसऱ्या कुणाशी तह करायचा ना,” मी म्हटलं.

“केला असता हो. पण नंतर तुम्ही तिथे येऊन पोचला असतात आणि मी नसतो, तर?”