बैलाआडून पाहिलेला काळवीट

केमला जायचं मी पन्नासहून जास्त वर्षं टाळलं. तिथली गोष्ट सांगायचंही टाळलं. मुलं विचारायची, "नाना, पहिली नोकरी कुठं केलीत?" मी म्हणायचो, "होतं एक गाव, रेल्वेच्या कडेला." आणि विषय बदलायचो.

गेल्या महिन्यात एका सकाळी घरातून निघालो. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. मनात घोकलेलं एक वाक्य: "महादू, तो बाण मी मारला. मला माफ कर."

पूर्वी मोहोळ सुटलं की खिडकीबाहेर पिवळा माळ लागायचा. आता ऊसच ऊस. कुर्डुवाडीला चहा घेतला, तो गाडी हलताना निम्मा सदऱ्यावर सांडला. केमच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला पत्ता विचारला.

"हरणवाले महादूतात्या? बसा की. पर शेवटाला चालावं लागंल. पँट वर खोचा बाबा, कुसळं लई हायती."

मी खोचली नाही.

मी केमच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा महादू गावचं कुरण (गवतासाठी राखलेला माळ) राखायचा. दिवाळीपर्यंत तिथं कुणाचं जनावर शिरू द्यायचा नाही. हरणं तिथंच व्यायची. त्याच्याकडं वडिलांचं बांबूचं धनुष्य होतं. भुशाच्या पोत्यावर नेम धरायला त्यानंच मला शिकवलं. शिकारीची त्यांच्या घरची रीतही सांगितली. जाणता काळवीट आपली जागा सोडत नाही, रोज त्याच ठिकाणी लेंड्या टाकायला येतो. चरत्या बैलाच्या आडून चालत गेलं की तो बिचकत नाही. शिकारबंदीचा कायदा आला आणि महादूनं धनुष्य आढ्याला टांगून ठेवलं.

मला मात्र भिंतीवर लावायला शिंगं हवी होती. महादू जेऊरच्या बाजाराला गेला त्या दिवशी मी ते धनुष्य काढलं, त्याचाच बैल सोडला आणि त्याच्या आडून कुरणातल्या सगळ्यात मोठ्या नरावर बाण सोडला. नेम चुकला. बाण पोटात घेऊन नर पळाला. दुसऱ्या दिवशी तो ओढ्यात मेलेला सापडला.

बाण कुणाचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चावडीवर पंचनामा लिहायला माझं अक्षर चांगलं म्हणून मलाच बसवलं. महादूनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बाण माजा हाय." मी तेवढंच लिहिलं. वाचूनही दाखवलं. त्यानं अंगठा उठवला. कुरणाची राखण त्याच्याकडून गेली. वर्षभरात मी बदली मागून घेतली.

महादू अंगणात बसला होता. मला पाहून काठी टाकून उठला.

"गुर्जी! पिकलात की वो!"

"तू कुठं कोवळा राहिलास?"

सुनेनं हुलग्याचं माडगं (दाटसर कढण) वाढलं. म्हणाली, "आमच्या मामांचं निराळंच. घरात पानी नसलं तरी चालंल, हरणांचा हौद भरलेला पायजे."

"गावानं कुरण काढून घेतलं, मग आपलाच माळ राखला," महादू हसत म्हणाला. "चार एकर. वेडी बाभळ काढली, पवन्या (माळावरचं गवत) वाढू दिला. चला, दावतो."

त्यानं लंगडा म्हातारा बैल सोडला. आम्ही दोघं त्याच्या आडून चालू लागलो, या वेळी हात मोकळे. गुडघाभर गवत वाऱ्यानं एका बाजूला लवत होतं. बांधाजवळ महादू थांबला. समोर काळा कुळकुळीत नर उभा होता, शिंगांना चार पीळ.

आता बोलायचंच, असं ठरवून मी म्हणालो, "महादू, तो..."

त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "बोलू नगा गुर्जी. बिचकंल."

नर बराच वेळ आमच्याकडं पाहत राहिला आणि मान खाली घालून चरू लागला. महादूचा हात माझ्या मनगटावर तसाच होता.

नर गेला, हात सुटला. परतीची वाट अर्ध्या तासाची होती. तिथं बिचकणारं कुणी नव्हतं. मी पावसापाण्याचं बोललो. स्टेशनवर तो म्हणाला, "दिवाळीनंतर या, गवत कापायला." मी हो म्हणालो.

गाडीत कुर्डुवाडीपर्यंत पँटच्या पायातली कुसळं उपटत होतो. सगळी निघाली नाहीत.

घरी आल्यावर हे लिहायला घेतलं. पंचनाम्यात राहिलेली ओळ अशी: बाण महादूचा होता, मारला मी. पण महादूला वाचता येत नाही. हे त्याला कुणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि त्याच्यापुढं बसून वाचायचं काम एकदा मी केलेलं आहे. तेव्हा आवाज कापला नव्हता. आता खोलीत एकटाच मोठ्यानं वाचून पाहतो. "मारला मी" इथवर येतो. घोकलेले पुढचे तीन शब्द अजून वाचता येत नाहीत.