पाच पत्रं आणि पुन्हा पहिलं

नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी सीताबर्डीच्या बाजारात गेले की त्या जिन्यापाशी माझे पाय आपोआप थांबतात. सोबतची मैत्रीण विचारते, "काय झालं वं?" मी म्हणते, "काही नाही, एक आठवलं." पण एक सांगायला जावं तर त्याच्यामागून चार येतात! माळ्यावर जुन्या पिशव्या साचतात ना, तसे हे किस्से साचलेत. फेकायचं ठरवून बसावं, तर प्रत्येक पिशवीत काहीतरी निघतंच.

तर ही सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. खाली शिलाई मशीनचं दुकान आणि वर आमचं 'पत्र खातं'. पेपरात दुकानाची जाहिरात यायची, तिच्याखाली कापून पाठवायचं कुपन. ज्याचं कुपन आलं त्याच्या नावाचं कार्ड तयार करायचं आणि त्याला दर पंधरा दिवसांनी एक, अशी पाच छापील पत्रं वर नाव टाइप करून पाठवायची. पहिलं ओळखीचं. दुसरं मशीनच्या गुणांचं. तिसरं 'आपले उत्तर नाही' असं. चौथं जरा दटावणीचं आणि पाचवं निरोपाचं. कोण कितव्या पत्रावर पोचलं ते कळावं म्हणून कार्डाला रंगीत चिमटे लावलेले असायचे.

ही सगळी योजना डोंगरे साहेबांच्या डोक्यातली. ते आमच्या खात्याचे प्रमुख. मोठ्या अभिमानानं म्हणायचे, "गाडी आपोआप चालते. आपण फक्त पाहायचं, कोण चढला, कोण उतरला आणि उतरलेला पुन्हा केव्हा चढतो!"

कार्डं सांभाळायच्या लीलाताई मेश्राम. आणि मी कुसुम, टायपिस्ट. खातं म्हणजे एवढे तिघंच. त्या आपोआप चालणाऱ्या गाडीला धक्का मारण्यातच आमचा दिवस जायचा!

*

उमरेडचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचं एक दिवस पोस्टकार्ड आलं. अक्षर असं, की फळ्यावर लिहिल्यासारखं.

आमच्या पहिल्या पत्राची सुरुवात अशी होती, 'आपली ओळख झाल्याने आम्हांस अत्यंत आनंद झाला आहे.' मास्तरांनी लिहिलं होतं, "आपणांस माझी ओळख झाल्याचा आनंद आजवर तेरा वेळा झाला. मलाही झाला. परंतु आपणांस माझी ओळख राहत का नाही, असे घरची मंडळी विचारू लागली आहेत!"

डोंगरे साहेबांनी खण उघडून पाहिला. एकाच मास्तरांची तेरा कार्डं!

"लीलाबाई, हे काय आहे?"

"साहेब, कुपन आलं की कार्ड कराचं, असं तुम्ही सांगतलं होतं. आधी जुनं कार्ड पाहाचं, असं कुठं सांगतलं?"

त्या दिवशी आमच्या भिंतीवर पहिला नियम लागला: 'नवे कार्ड करण्यापूर्वी जुने शोधावे.' पण तेरा कुपनं पाठवायचं कारण काय, ते काही कळेना. साहेबांनी मास्तरांना माफीचं पत्र लिहिलं आणि तेही विचारून घेतलं.

उत्तर आलं, "कुपनाच्या पाठीमागे शब्दकोडे असते. मी ते सोडवून पाठवतो. आपणांपैकी कोणी तपासेल, असे वाटले होते."

तेव्हापासून सोमवारची डाक आली की डोंगरे साहेब कुपन आधी उलटं करून बघायचे. पुढच्याच आठवड्यात मास्तरांना आमच्याकडून आणखी एक पत्र गेलं. त्यात एका ओळीपुरता मजकूर होता: 'उभे सात चुकले आहे.'

*

काटोलहून एक सासूबाई आल्या. जिना चढून दम लागलेला, पण बसायला तयार नाहीत. कंबरेच्या पिशवीतून दोन पत्रं काढली आणि टेबलावर आपटली.

"हे मले आलं अन् हे माह्या सुनेले. एकाच घरात, एकाच दिवशी! तिले लिवता, 'आनंद झाला.' मले लिवता, 'आपण अद्याप गप्प का?' मी काय तुमचं घोडं मारलं गा?"

लीलाताईंनी दोन्ही कार्डं काढली. सासूनं कुपन पाठवलं होतं दसऱ्याच्या सुमारास, सुनेनं दिवाळीनंतर. एकीला दुसरीचा पत्ता नाही. सासूची गाडी चौथ्या पत्रावर, सुनेची पहिल्या!

"आजी," लीलाताई म्हणाल्या, "सूनबाईनं तुम्हाले सांगतलं नव्हतं?"

"मी तरी तिले कुठं सांगतलं? मले वाटलं, ती म्हणन, या वयात बुढीले काय सुचून राहिलं!"

बोलता बोलता त्या थांबल्या. दोन्ही पत्रं पुन्हा हातात घेतली, बघितली. मग पहिल्यांदा खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघी सोबत आल्या. दुकानात सेल्समननं विचारलं, "मशीन कोणाच्या नावानं लिहू?"

सासू म्हणाली, "सुनेच्या." सून म्हणाली, "आत्याबाईच्या." अर्धा तास हाच वाद! शेवटी पावतीवर दोघींची नावं आली. डोंगरे साहेबांनी भिंतीवर दुसरा नियम लावला: 'एका घरी एकच पत्र.' लीलाताईंनी त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'पण नाव दोघींचं.'

*

कामठीच्या छावणीतल्या हवालदाराचा किस्सा छोटाच आहे.

त्यानं दुकानातून मशीन घेतली, पण तशी चिठ्ठी खालून वर आलीच नाही. म्हणजे माणूस उतरला आणि आमच्या हिशोबी अजून गाडीतच! पंधरा दिवसांनी त्याच्या घरी आमचं पत्र पोचलं, 'मशीन घेण्याचा आपला विचार अजून पक्का होत नाही काय?'

ते पत्र बायकोनं वाचलं. मशीन तर घरात होती. मग ही दुसरी कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी हवालदार कडक इस्त्रीच्या गणवेशात आमच्या टेबलासमोर ताठ उभा होता आणि बायको त्याच्यामागे. तो म्हणाला, "मॅडम, लिखके दे दो, बस! मैंने दूसरी नहीं माँगी."

मी लगेच टाइप करून दिलं, 'सदर गृहस्थांनी दुसऱ्या मशीनची चौकशी केलेली नाही. चूक आमची आहे.' बायकोनं कागद उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"ठप्पा मारा!"

*

एका मे महिन्यात मालक वर आले. म्हणाले, "डोंगरे, पत्रं जातात पुष्कळ, गिऱ्हाईक दिसत नाही. पावसाळ्यापर्यंत पाहतो, नाहीतर खातं बंद." एवढं बोलून खाली गेले. लीलाताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. माझं लग्न व्हायचं होतं आणि ही नोकरी गेली असती, तर दुसरी मिळेपर्यंत वडिलांनी मला घराबाहेर पडू दिलं नसतं.

त्यातच त्या आठवड्यात आमच्या खोलीत पहिल्यांदा कूलर बसला. वाळ्याचा काय तो वास! लीलाताईंनी त्या महिन्याची सगळी कार्डं टेबलावर मांडली होती, चिमटे बदलायला काढून ठेवले होते आणि मी कूलरचं बटन दाबलं.

दोनशे कार्डं उडाली! काही खिडकीला चिकटली, काही जिन्यावरून खाली दुकानात गेली. कोण कितव्या पत्रावर होतं, काही समजेना. मला तर रडूच आलं.

लीलाताई जमिनीवर बसल्या आणि एकेक कार्ड हातात घेऊन सांगू लागल्या, "हे चौथं. हे पाचवं. ही तुमसरवाली बाई, दुसरं." नव्वद-एक कार्डं त्यांनी नुसत्या आठवणीनं लावली. बाकीच्यांचं काय? डोंगरे साहेबांनी डोळे मिटून हुकूम दिला, "सगळ्यांना तिसरं."

तिसरं म्हणजे, 'आमच्या मागील पत्रांस आपले प्रत्युत्तर आले नाही.' आता ज्यांना आधी एकही पत्र गेलं नव्हतं, त्यांनाही हेच गेलं! आम्ही शिव्यांची वाट पाहत बसलो.

आणि आल्या माफ्या! "आपली मागील पत्रे आम्हांस मिळाली नाहीत, गैरसमज नसावा." "पोस्टमन नवीन आहे, राग मानू नये." एक जण तर हिंगणघाटहून स्वतः आला. म्हणाला, "तुम्ही दोन-दोन पत्रं लिहिली आणि मी उत्तर दिलं नाही, मनाला लागलं हो माझ्या." आणि मशीन घेऊन गेला!

इतकी गिऱ्हाइकं त्या जिन्याखाली पूर्वी कधी जमली नव्हती. खातं वाचलं. मालक वर येऊन म्हणाले, "डोंगरे, नवीन काय केलं?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "कूलर लावला."

*

एकदा कार्डं तपासताना मला एक नाव दिसलं: लीला मेश्राम, इंदोरा.

"लीलाताई, हे तुमचंच ना वं?"

त्या लाजल्या. "पत्र बरोबर दिवशी पोचते का नाई, ते पाहासाठी टाकलं माह्यं नाव. साहेबाले नको सांगू."

तपासणी चोख चालली होती. पहिलं पत्र वेळेवर, दुसरं वेळेवर. पत्र आलं की त्यांची आई ते शेजारी नेऊन वाचून घ्यायची. पोरीच्या नावानं इतक्या आदरानं लिहिलेलं पत्र त्या घरात आधी कधी आलं नव्हतं. 'माननीय लीलाबाई' एवढे दोन शब्द ती माउली दोनदा वाचायला लावायची म्हणे.

पाचवं पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाताई थोड्या उशिरा वर आल्या. मी विचारलं, "बरं नाही का?"

"खाली दुकानात होती. मशीन घेऊन टाकली."

"अहो, पण ती पत्रं तर तुम्हीच पाठवता! आपणच घडी घालतो, आपणच चिकटवतो!"

"हो ना! इथं घडी घालताना काही वाटत नाई. पण घरी आलं ना कुसुम, की वाटते, कोणीतरी आपल्याले खरंच विचारून राहिलं."

त्या मशीनवर त्यांची धाकटी बहीण शिवण शिकली. वर्षभरात इंदोऱ्यातल्या अर्ध्या पोरींचे शाळेचे फ्रॉक ती शिवू लागली. आणि लीलाताईंनी स्वतःच्या कार्डावर, नियमाप्रमाणे, स्वतःच्या हातानं लिहिलं, 'उतरल्या.'

*

आता सावनेरजवळच्या एका खेड्यातल्या राधाबाईंचं सांगते.

त्यांचं कुपन आलं, पाच पत्रं गेली, मशीन काही घेतली नाही. इथवर नेहमीचंच. चार महिन्यांनी त्यांचं कुपन पुन्हा आलं. साहेबांचा नियम असा होता, की वर्षाच्या आत कोणी परतलं तर त्याला पहिली दोन पत्रं पाठवायची नाहीत. ओळख झालेलीच आहे, गुणही सांगून झालेत, तेव्हा तिसऱ्यापासून सुरू. त्याप्रमाणे तिसरं गेलं.

आठवड्याभरात भर दुपारी राधाबाई स्वतः हजर. चाळिशीच्या असाव्यात. कपाळावर घाम, हातात आमचं तिसरं पत्र.

"पयलं अन् दुसरं काहून नाई धाडलं?"

साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ती दोन्ही तुम्हाला आधीच पोचली आहेत."

"पोचली ना! पण तवा मले वाचता येत नव्हतं!"

लीलाताईंनी खुर्ची पुढे सरकवली.

मग त्यांनी सांगितलं. गावात शाळेच्या नव्या मास्तरीणबाई आल्या होत्या आणि शाळा सुटल्यावर बायकांना अक्षरं शिकवत होत्या. राधाबाईंच्या घरात छापील कागद म्हणजे आमचीच पत्रं. त्यातलं पहिलं बकरीनं खाल्लं होतं, दुसरं पावसात भिजून गेलं होतं. म्हणून त्यांनी मास्तरीणबाईंच्या पेपरातलं कुपन त्यांच्याच हातून भरून घेतलं.

"याच्यात हे पाहा काय लिवलं," त्यांनी तिसऱ्या पत्रावर बोट ठेवलं, "प्र-त्यु-त्तर. मी एकदम इथं कशी चढू साहेब? मले पयल्यापासून पाठवा. पंधरा दिवसाले एक, असंच पाठवा. तेवढ्यात माह्यं एक वाचून होते."

डोंगरे साहेबांनी मालकासाठीसुद्धा कधी नियम वाकवला नव्हता. ते उठले, राधाबाईंना पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "लीलाबाई, यांचं कार्ड काढा. पहिल्यापासून."

पुन्हा एकेक करून पाची पत्रं गेली. प्रत्येक वेळी लीलाताई पाकीट चिकटवण्याआधी विचारायच्या, "छपाई साफ हाय ना वं? पाह्य बरं." फिकट आलेली प्रत आम्ही बाजूला काढायचो आणि ठळक असेल ती राधाबाईंना पाठवायचो.

पाचवं जाऊन महिना झाला असेल. डाकेत एक कुपन आलं. पेन्सिलीनं भरलेलं, अक्षरं चढत चढत चौकटीबाहेर गेलेली, एक ओळ खोडून पुन्हा लिहिलेली. नावाच्या जागी 'राधाबाई'. गावाच्या जागी गाव. आणि 'आपणांस कोणती मशीन हवी?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं:

'मशीन नको. पाची वाचली. सहावं पाठवा.'

साहेबांनी कुपन दोनदा वाचलं. लीलाताईंना दिलं, त्यांनी वाचलं, मला दिलं. मग साहेबांनी शाईचं पेन उघडलं आणि म्हणाले, "कुसुम, एक कोरा कागद दे."