मीच हात धरून तिला मारापर्यंत नेलं

मैत्रिणींनो, मनगट सुजलंय, तरी लिहिते.

आज सकाळी दर्शनाला गेले, तर शेजारची सातवीतली श्रेया दप्तर घेऊन देवळात बसलेली. या आठवड्यात तिसऱ्यांदा!

"काकू, शाळेचं गेट बंद झालं," ती म्हणाली.

"कारणं नकोत," म्हणत मी तिला हात धरून घरी नेलं. तिचे वडील अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकतेच आले होते. त्यांच्यापुढेच उभी केली.

मला वाटलं, रागावतील. त्यांनी कमरेचा पट्टाच काढला. वेणी धरून तिला मोरीत आपटलं. ओठ फुटला, गणवेशावर रक्त सांडलं.

"भाऊ, मरेल पोर!" म्हणत मी मध्ये पडले. एक फटका मला बसला, बांगड्या फुटल्या.

"वहिनी, तुम्हीच आणलंत ना? व्हा बाजूला! उद्यापासून शाळा बंद हिची!"

तेव्हा तिची आई अंथरुणातूनच ओरडली, "माझी कंबर धरलीय, मग नळ आला की पाणी कोण भरतं? तुमच्या आंघोळीच्या बादल्या भरून पोर पळत जाते, तोवर गेट बंद!"

पट्टा थांबला.

मी म्हटलं, "उद्यापासून पाणी मी भरते. पण पोर वेळेवर शाळेत गेली पाहिजे." त्यांनी पट्टा खाली टाकला.

उशीर झालेल्या लेकराला आपण आधी कारण विचारतो का हो? मी विचारलं नाही. मघाशी हळद लावायला गेले, तर श्रेया मला बघून आईच्या मागे लपली.