चाबीवाल्याची दोन बोटं

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माणूस सकाळी आरशापुढं उभा राहून तोंडाला क्रीम लावायला लागला, तर गल्लीनं काय समजावं? उदगीरच्या त्या गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. समोरच्या गुणाबाईनं तर अंगण झाडता झाडता विचारूनच टाकलं, "काय हो चाबीवाले, कुणीकडं स्थळ बघायला जायलाव?"

ईश्वरप्पानं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड हलवावं लागतं, आणि तोंड हललं की गालाच्या भेगा ताणून आग व्हायची.

ईश्वरप्पा रेल्वेत चाबीवाला. पूर्वी रूळ धरून ठेवायला चाव्या असायच्या, आता वळलेल्या लोखंडी क्लिपा आल्या, पण नाव चाबीवालाच राहिलं. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पिशवीत पाना-झेंड्या घेऊन रुळाच्या कडेनं निघायचं. क्लिप सैल दिसली की ठोकून बसवायची. हद्द संपली की तसंच माघारी. बत्तीस वर्षं हेच. एवढा सरळ चालला असता तर श्रीशैल कैक वेळा झालं असतं, पण चाबीवाल्याचा रस्ता दुपारी घरीच येऊन संपतो.

दोन वर्षांमागं मानेला खाज सुटली. रुळाच्या दोन्ही अंगांनी गाजरगवत कमरेएवढं माजलेलं, त्यातून रोजचं येणंजाणं. खाज मानेवरून कानावर, कानावरून गालावर आली. कातडं काळं पडलं, जाड झालं आणि उन्हाळ्यात चिरायला लागलं. बायकोनं, शरणम्मानं, हळद लावली, कडुलिंब लावला, शेजारणीनं सांगितलेलं दही लावलं. दह्यानं काही झालं नाही, फक्त गल्लीतलं मांजर दोन दिवस त्याच्या मागं फिरलं.

शेवटी ईश्वरप्पा लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. प्रियदर्शनी मॅडमनी बॅटरी लावून तोंड बघितलं. "गवताची ॲलर्जी आहे. आणि आता तुमच्या कातडीला ऊनसुद्धा सोसेना झालंय."

"मॅडम, मी उन्हातच कामाला हाय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी त्या दिवशी बऱ्याच जणांना म्हटलं असावं.

इथवर सगळं दुखणं होतं. खरा घोर निराळाच होता. रेल्वेच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं, मे अखेर परत तपासू. तोवर तोंड निवळलं नाही तर लाईन बंद, बसून करायचं काम. बाहेरच्याला वाटेल, बरंच झालं की! पण ती खुर्ची होती दोनशे किलोमीटरवरच्या एका गोदामात. आणि घरात होती पार्वतम्मा, ईश्वरप्पाची आई, वय नव्वदीच्या आसपास, कमरेतून गेलेली. तिला बाजेवरून उठवायला दोन माणसं लागतात. एक शरणम्मा. दुसरा तो. पोरगी बंगळुरात नांदते, ती दिवाळीला येते. शरणम्मा एकटी उचलायला गेली तर दोघीही खाली बसतील, आणि मग त्या दोघींना उठवायला गुणाबाई येईल आणि गल्लीभर सांगेल. म्हणून तीन वर्षं, रिटायर होईतोवर, ईश्वरप्पाला लाईनवरच राहायचं होतं. उन्हात राहता यावं म्हणून उन्हापासून वाचायचं होतं. असला हा पेच.

मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं: वास नसलेलं, जस्त असलेलं सनस्क्रीन, नंबर पन्नास. आणि तोंडी सांगितलं, "रोज घराबाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी, दोन बोटं क्रीम. चेहरा, कान, मान. दोन-तीन तासांनी परत. गळ्यापर्यंत रुमाल, अंगभर बाह्या. गवताला हात नाही लावायचा."

मेडिकलवाल्यानं आधी दुसरीच ट्यूब पुढं केली. "काका, हे घ्या, चेहरा उजळतो."

"उजळून काय करू? लाईनवर मला कोण बघायलंय, मालगाडी?"

"मग हे घ्या, तीस नंबरचं. पन्नासचं मागवावं लागंल."

ईश्वरप्पा विचारात पडला. "आपल्याकडं ऊन बेचाळीसवर जातंय. तिसाचं कसं पुरंल?"

मेडिकलवाल्यालाही ते पटलं. त्या नंबराचा आणि तापमानाचा काही संबंध नाही, पण दोघांनी मिळून पन्नासचीच ट्यूब मागवली. चुकीच्या वाटेनं बरोबर गावी पोचणारी माणसं आपल्याकडं थोडी नाहीत.

पुढचं गाव मात्र चुकलं.

ईश्वरप्पा रोज पहाटे आंघोळ करून लिंगपूजेला बसतो. डाव्या तळव्यावर इष्टलिंग, समोर विभूतीची गोळी. उजव्या हाताची तीन बोटं विभूतीवर फिरवायची आणि कपाळावर, दंडावर, छातीवर आडवी ओढायची. सात-आठ वर्षांचा असल्यापासून हात तेच करत आला. त्या हाताला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन बोटं. हातानं आपल्या अकलेनं ऐकलं. ट्यूबच्या तोंडाला दोन बोटं टेकवली, जेवढं लागलं तेवढं घेतलं आणि दोन्ही गालांवर दोन-दोन रेघा ओढल्या. कानाच्या पाळीला एक-एक ठिपका. झालं.

शरणम्मा चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. "अवो, तीन न्हाई? दोनच?"

"डॉक्टरनं दोन सांगितलेत."

"मग बरं." डॉक्टरपुढं आणि देवापुढं शरणम्मा वाद घालत नाही. नवऱ्यापुढं घालते, पण तेवढा दम तिला सकाळी नसतो.

असे दोन महिने गेले. गुणाबाई रोज काहीतरी नवं काढायची. कधी लिंगायती नमस्कार घालून "शरणू शरणार्थी, गालालाबी दीक्षा दिली का?", कधी "शरणम्मा, नवऱ्यावर ध्यान ठिव बाई." लाईनवर मुकादम दयानंद म्हणाला, "अप्पा, रेघा मारून कुठं आजार जातोय व्हय? तो काय रस्ता हाय पट्टे मारायला?" ईश्वरप्पाचा हातोडा चालूच. त्याला चेष्टेचं काही नव्हतं. त्याला दुःख एकच, की एवढं नेमानं करून गाल तसाच जळत होता. पाडव्यापासून तर रुमाल काढतानाही डोळ्यांत पाणी यायचं. दुपारी घरी आला की शरणम्माच्या जोडीनं आईला उचलायचा, बसवायचा, पाणी पाजायचा, आणि मग ओल्या पंच्यानं तोंड झाकून फरशीवर पडून राहायचा. पार्वतम्मा बाजेवरून विचारायची, "ईश्वरा, का रे बोलंनास?" पंच्याखालून "बोलायलो की अव्वा" एवढं यायचं.

एप्रिलमध्ये परत लातूर. मॅडमनी तोंड बघितलं, कपाळाला आठी घातली. "लावत नाही का तुम्ही?"

"रोज लावतो, मॅडम. एक दिस चुकलेलं न्हाई."

"ट्यूब कितवी चालू आहे?"

"हीच." त्यानं खिशातून ट्यूब काढली. अर्ध्याहून जास्त भरलेली. मोठ्या अभिमानानं काढली बरं का. दोन महिने पुरवली होती.

"लावून दाखवा."

ईश्वरप्पानं ट्यूबला दोन बोटं टेकवली आणि गालावर रेघा ओढल्या. मॅडम आधी हसल्या. मग त्याच्या कपाळावरच्या तीन रेघांकडं लक्ष गेलं, आणि हसू विरलं. बाहेर अजून वीसेक पेशंट खोकत, खाजवत बसले होते. तरी बाई उठल्या, त्याचा हात हातात घेतला, आणि पहिल्या नि मधल्या बोटावर, मुळापासून शेंड्यापर्यंत क्रीमची जाडसर पट्टी घातली. दोन बोटांवर दोन पट्ट्या.

"ही दोन बोटं."

ईश्वरप्पा हाताकडं बघत राहिला. "एवढं? एका बारीला?"

"एका वेळेला."

"मॅडम, एवढं तर आम्ही भाकरीवर तूप घेत न्हाई."

"तसंच लावायचं. तुपासारखं, कडेपर्यंत. कोपरा सोडला की तिथं जळणार."

"मग गेले दोन म्हैने मी काय लावलं?"

मॅडमनी ट्यूबचं झाकण लावलं. "काहीच नाही लावलं, असं समजा."

परतीच्या एसटीत तो उदगीर येईपर्यंत बोटांवर आठवडे मोजत बसला. मे अखेरीला पाच आठवडे उरले होते.

मग सुरू झाले ते खरे हाल. पूजा आटपली की दोन बोटांची पट्टी, तोंडभर, मानेच्या मागं शरणम्मा लावून द्यायची. विभूती लेपाखाली जायची, म्हणून तो ती कपाळावर वरून परत ओढायचा. जस्ताचं क्रीम ते, लवकर जिरत नाही. ईश्वरप्पा आधीच काळासावळा, त्यावर हा लेप. माणूस राखेत लोळून आल्यासारखा दिसायचा. वरून घाम, घामाबरोबर क्रीम डोळ्यांत. नऊ-साडेनऊला नाल्याच्या पुलाशी बसून दुसऱ्यांदा लावायचं, तर हात क्लिपांच्या गंजानं आणि ग्रीसनं बरबटलेले. हात धुवायला पाणी हवं, आणि पाण्याची बाटली एकच. प्यायचं की धुवायचं? पहिले चार दिवस त्यानं धुतलं आणि कोरड्या घशानं माघारी आला. पाचव्या दिवसापासून दोन बाटल्या. हातोड्याच्या जोडीला अजून एक ओझं. गवत दिसलं की लाईनीच्या आतून वळसा, गाडीचा आवाज आला की परत बाहेर. पाय बोलायला लागले.

"अप्पा," दयानंद एक दिवस म्हणाला, "इंजनवाला इचारत होता, नाल्याजवळ पांढरं भूत उभं राहून हिरवी झेंडी दाखवतंय, ते कोण?"

"सांग त्येला, सरकारी भूत हाय. तीन वर्षं ऱ्हायलीत."

दयानंद हसला, पण दुसऱ्या दिवशी लाईनीवरच्या गँगच्या माणसांना लावून त्यानं नाल्यापासून पुढं गाजरगवत उपटून घेतलं. गुणाबाईची बडबड मात्र चालूच होती, फक्त आता विषय बदलला होता. "शरणम्मा, ती ट्यूब कंची गं? आमचे मालकबी रानात लाल व्हायलेत. पण दोन बोटं म्हंजे नक्की किती, ते दावून दे बाई."

मे अखेरीला रेल्वेच्या डॉक्टरनं ईश्वरप्पाला खिडकीपाशी उभं केलं. गाल अजून काळेच होते. ते काही लगेच जायचे नव्हते. पण भेगा भरल्या होत्या, ओल नव्हती, सूज उतरली होती. डॉक्टरनं बोटानं दाबून बघितलं, कान उलटून बघितले, आणि कागदावर लिहिलं: लाईनसाठी योग्य. सहा महिन्यांनी परत.

"हे किती दिवस लावायचं, साहेब?"

"उन्हात आहात तोवर."

"पावसाळ्यात?"

"ढगातनंही येतं ते."

ईश्वरप्पानं मान हलवली. कागद चौपदरी घडी करून वरच्या खिशात ठेवला. घरी आला तेव्हा बारा वाजून गेले होते, गल्ली उन्हानं ओस पडली होती, गुणाबाईसुद्धा दार लावून आत. शरणम्मा उंबऱ्यातच उभी.

"काय म्हणले?"

"ऱ्हायलो."

तिनं डोळे मिटून हात जोडले. "अय्यो, झालं बाई मनासारखं."

"हाव, झालं," ईश्वरप्पा म्हणाला. मनासारखं झालं म्हणजे काय झालं, ते त्याच्या पायांना नीट माहीत होतं. उद्या लाईन, परवा लाईन, तीन वर्षं लाईन, रोज दोनदा तो लेप. त्यानं चप्पल काढली आणि भिंतीला टेकला.

आतून पार्वतम्माची हाक आली, बसायचं होतं तिला. दोघं आत गेले. शरणम्मानं पायाकडून धरलं, त्यानं खांद्याखाली हात घातले, आणि "हं" म्हणून दोघांनी एका दमात तिला उठवून बसवलं. म्हातारीनं लेकाच्या गालावरून हात फिरवला, मऊ लागला म्हणून परत फिरवला.

"ईश्वरा, आज आराम हाय का रे तुला?"

"हाव अव्वा," तो तिच्या पाठीशी उशी लावत म्हणाला, "आता जरा पडतो."