चार नवे प्लग
विधवा होऊन माहेरी परतले त्याला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत मी धड एका जागी बसले असेन, असं मला आठवत नाही. दळण, पाणी, गोठा, सगळं उरकलं तरी पाय थांबत नसत. शेवटी मीच वडिलांना, आबांना सांगितलं की धुळ्याला मास्तरणीचं ट्रेनिंग असतं, मी अर्ज करणार. आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊ नेत असेल तर जा."

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी पिकअप त्याने घेतली होती आणि पारोळ्याच्या आसपासच्या गावांतून तो मालाची ने-आण करी. ट्रेनिंगच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो घाईघाईने धुळ्याहून चार नवे प्लग घेऊन आला आणि दुपारच्या उन्हात बॉनेट उघडून बसला.

"नवा प्लग शेतस, अक्का. आते देख गाडी कशी चालस!"

मुलाखत अकराची होती. आम्ही सातलाच निघालो. मे महिना संपत आला होता, तरी सकाळीच फुफाटा अंगावर येत होता. मी सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. मुकटी गावाच्या अलीकडे गाडी अडखळायला लागली. आचके देत देत थोडी पुढे गेली आणि कडुनिंबाखाली थांबली.

भाऊने बॉनेट उघडलं. इंजिन कसंबसं चालू ठेवून तो लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकेका प्लगची वायर काढून बघू लागला. ज्या वायरीने आवाज बदलत नाही तो प्लग मेलेला, हे त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं.

"आवाज बदलना का?" मी विचारलं.

"नही. तोच शे."

दोन वायरींना आवाज तोच राहिला. त्याने पाना लावून चारही प्लग काढले. सगळ्यांची टोकं काळीभोर, तेलाने ओली.

"बठ्ठा काया पडी ग्यात," तो म्हणाला आणि तिथेच मटकन बसला.

त्याचं ते बसणं मला सहन झालं नाही. याला मला न्यायचंच नाही, असं वाटलं आणि चार वर्षांचं साचलेलं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "तुले माले लई जावानंच नही शे! घरात फुकटची कामाला मिळते म्हणून!"

तो चमकला. मग खाली बघत म्हणाला, "तुनाकरताच नवा प्लग लयनू, अक्का." जुन्या प्लगांवर गाडी चालत होती. माझ्या मुलाखतीला वाटेत बंद पडायला नको, म्हणून त्याने ते बदलले होते.

मला रडायला वेळ नव्हता. मी गाडीतून पेट्रोलचा डबा आणला. रस्त्यापासून लांब एका दगडावर प्लग ठेवून त्याने त्यांवर थोडं पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. काजळी जळाली, उरलेली मी चाकूने खरवडली. टोकाची फट हॅक्सॉ करवतीचं पातं घालून बघायची, पातं जेमतेम सरकलं पाहिजे. हात कोपरापर्यंत काळे झाले. गाडी सुरू झाली. पुढे फागणे गावापाशी पुन्हा तेच. पुन्हा काढा, जाळा, खरवडा.

धुळ्यात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. ट्रेनिंग कॉलेजच्या दारातला कारकून म्हणाला, "आजची नावं संपली. राहिलेल्यांनी उद्या नऊला यायचं." उद्या! मी एकदा बसले, लगेच उठले. उद्याच्या सकाळपर्यंत करायचं काय?

"चल, काल प्लग घेतलेस त्या दुकानात," मी भाऊला म्हटलं.

दुकानदाराने प्लग हातात घेऊन विचारलं, "इंजिन जुनं आहे? ऑइल खातं?"

आपल्या गाडीचं उणं सांगायला भाऊची जीभ वळेना. मीच म्हटलं, "खातं. सारखं ओतावं लागतं."

"मग हे कसे चालतील? हे गार प्लग, नव्या इंजिनाचे. तुम्हाला गरम प्लग पाहिजे, म्हणजे टोकावरची काजळी तिथेच जळून जाते. काल विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"काल घाईत होतो," भाऊ पुटपुटला.

दुकानदाराने दुसरे काढले. त्यांच्या आतली पांढरी चिनी मातीची नळी जास्त लांब होती. मी कालच्या आणि या प्लगांचे आटे शेजारी धरून मापले; जास्त लांब असला तर आत पिस्टनला लागेल, ही भीती होती. आटे सारखे होते. तेच चार घेतले. भाऊने दुकानासमोरच बसवले. त्याला सकाळी कांद्याची पोती भरायची होती, म्हणून मला धुळ्यातल्या मावशीकडे सोडून तो ऊन उतरायच्या आत निघाला. गाडीचा आवाज एकसारखा येत होता, तरी तो नीट पोचल्याचा निरोप तिसऱ्या दिवशी येईपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "मुलांना दिवसभर एका जागी बसवायला जमेल का?"

"मला स्वतःलाच बसवत नाही, बाई," मी बोलून गेले.

त्या हसल्या, शेजारच्या गृहस्थांनी काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आबांनी ते दोनदा वाचलं, आणि त्यांनी तिसऱ्यांदा वाचायच्या आतच मी ट्रंक भरायला घेतली.