चढासाठी घेतलेलं इंजिन

पैलवान म्हणजे शर्ट अडकवलेली खुंटी. शाळेत असताना एकदा त्याची कुस्ती लागली आणि समोरचा मुलगा तापामुळे आलाच नाही. तेवढ्या विजयावर त्याने हे नाव पन्नाशीपर्यंत ओढत आणलं होतं. त्याच्या पिकअपची स्टेपनीसुद्धा त्याच्यापेक्षा अंगाने भरलेली होती.

गेली बावीस वर्षं तो डोंगरावरच्या खाणीतून दगडी फरश्या खाली आणत असे. सकाळी रिकामी गाडी वर, दुपारी भरलेली गाडी खाली. रस्त्याला वरून मोजत बारा वळणं. त्यातल्या सातव्या वळणाचा कठडा बाकीच्यांपेक्षा नेहमी नवा दिसायचा, कारण तो वरचेवर नव्याने बांधावा लागे. कशामुळे, ते त्या रस्त्यावरचं कोणी बोलत नसे.

पैलवान मात्र एका गोष्टीबद्दल थांबता थांबत नसे. उतारावर तो ब्रेक लावत नाही, ही ती गोष्ट. "ब्रेक भित्र्यांसाठी," असं तो चहाच्या टपरीवर, लग्नात, एकदा तर मयताच्या घरीही म्हणाला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, पाय काढून घ्यायचा आणि बाकीचं इंजिनावर सोडायचं. ते जुनं, जाडजूड इंजिन गुरगुरत गाडीला मागे धरून ठेवायचं. म्हातारं माणूस कठड्याला धरून जिना उतरतं, तशी ती गाडी बारा वळणं उतरायची.

त्या इंजिनाने एके दिवशी मान टाकली. ब्लॉकलाच, म्हणजे त्याच्या मुख्य सांगाड्यालाच, तडा गेला.

त्याचा साडू गाड्यांचा मिस्त्री होता. मोजकं बोलणारा; एक वाक्य झालं की पुढच्या वाक्याआधी हात पुसायचा. दोघे मिळून जुन्या इंजिनांच्या वखारीत गेले. पत्र्याची लांबलचक शेड, छताला साखळ्या आणि साखळ्यांना लटकलेली इंजिनं. खाली तेलाची डबकी. भर दुपारी आत जाताना पैलवानाचा आवाज आपोआप खाली आला, आणि तो काही उगाच खाली येणारा आवाज नव्हता.

शेठने दोन इंजिनं दाखवली. पहिलं होतं तसंच, जुन्याचा जुळा भाऊ म्हणावा असं काळं आणि बोजड. दुसरं लहान, नव्या धर्तीचं, टर्बोवालं.

"हे घ्या," शेठ दुसऱ्यावर हात फिरवत म्हणाला. "चढावर विमान होईल गाडीचं."

पैलवानाचे डोळे लकाकले. गेली दोन वर्षं चढावर त्याला जो तो मागे टाकून जात होता. त्यात नवरदेव तर रोज. हा नवरदेवही फरश्याच वाहायचा, गाडीही तशीच जुनी, पण रोज इस्त्रीचा शर्ट आणि भांग पाडलेले केस, म्हणून ते नाव. खिडकीतून डोकं काढून तो ओरडायचा, "पैलवान, मी उतरून ढकलू का?" आणि वर खाणीवर पोचेपर्यंत ती गोष्ट सगळ्यांना कळलेली असायची.

साडू खाली वाकून लहान इंजिनाच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालत होता. आतून त्याने वाळलेल्या गवताची काडी काढली. मग दुसरी. मग मुळासकट एक झुबका.

"शेठ, इंजिनात गवत कुठून आलं?"

"इकडे गुरं फिरतात हो."

"आणि हे ज्या गाडीत होतं, ती गाडी?"

"गाडी राहिली नाही," शेठ म्हणाला, आणि उगाच साखळी ओढून पाहू लागला.

साडूने हात पुसले. "दादा, मोठं घ्या."

"का? याच्यात खोट आहे?"

"खोट नाही. ओढायला घोडा आहे. पण उतारावर तुमची गाडी धरून कोण ठेवणार? ते जुनं मोठं होतं, म्हणून धरायचं. हे एवढंसं. टर्बोमुळे जोर करतं, पण पाय काढलात की सोडून देईल. तुमची गाडी वर रिकामी जाते आणि खाली भरून येते. तुम्ही रिकाम्या गाडीसाठी इंजिन घेताय."

इतकं सलग बोललेला साडू पैलवानाने त्याच्या लग्नातही ऐकला नव्हता. त्याने विचार केला. दोन इंजिनांमधून तो तीनदा फिरला. पण त्या रस्त्यावर कोण कसा चढतो हे सगळे बघतात. कोण कसा उतरतो हे बघायला कोणी थांबत नाही.

"लहान घेऊ," तो म्हणाला.

इंजिन बसलं. "निदान गाडी अर्धीच भरा," साडू हात पुसत म्हणाला. पहिल्या फेरीला निघताना बायको चपला घालून दारात उभी. बावीस वर्षांत ती कधी खाणीवर आली नव्हती.

"ओट्यासाठी फरशी निवडायचीय," ती म्हणाली.

पैलवान खूश झाला. चढावर खरंच विमान झालं. चौथ्या वळणावर त्याने नवरदेवाला गाठलं, हॉर्न दिला आणि मागे टाकलं. आरशात तो इस्त्रीचा शर्ट लहान लहान होत गेलेला पाहून त्याला वाटलं, आता मरायला हरकत नाही. हे तो मोठ्याने म्हणालाही.

खाणीवर गडी फरश्या भरू लागले.

"अर्धीच भरा म्हणाले होते ना मिस्त्री?" बायकोने विचारलं.

"तो गाड्या दुरुस्त करतो. चालवतो मी," पैलवान म्हणाला, आणि गड्यांना हात केला, "होऊ दे पूर्ण!"

पहिली दोन वळणं सुरळीत गेली. तिसऱ्यावर त्याने नेहमीसारखा पाय काढला. गाडीने वेग घेतला. इंजिन गुरगुरलं नाही. बारीक आवाजात किंचाळलं, आणि वेग वाढतच गेला. मागे फरश्या एकमेकींवर सरकल्या. पैलवानाचा पाय हळूच डावीकडे गेला.

"तुम्ही ब्रेक लावलात," बायको म्हणाली.

चौथ्या वळणावर त्याने पुन्हा ब्रेक लावला. पाचव्याआधी तर पाय उचललाच नाही. आत काहीतरी जळल्याचा वास भरला. त्याने पहिला गिअर टाकून पाहिला. कर्रकन गिअरचे दात वाजले, पण तो पडेना. आणि मग पायाखालचं पेडल भिजलेल्या कापसासारखं खाली गेलं. समोर, सहाव्याच्या पलीकडे, सातव्या वळणाचा नवा पांढरा कठडा दिसत होता.

पैलवानाने गाडी डोंगराच्या बाजूला घातली. पत्रा दगडाला घासत गेला, आरसा उडाला, डावी चाकं रस्त्याकडेच्या चरीत उतरली आणि गाडी तिरकी होऊन एकदाची थांबली. मागे फरश्या फुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बायको कशीबशी उतरली आणि दगडावर बसली. दाराची कडी धरलेली तिची बोटं उघडत नव्हती. ती तिने दुसऱ्या हाताने एकेक सोडवली.

"मी ओट्यासाठी आले नव्हते," ती म्हणाली.

"साडूने त्याच्या बायकोला सांगितलं असणार. तिने तुला."

"हो."

"माहीत होतं, तर बसलीस कशाला?"

"मी शेजारी असले की तुम्ही हळू चालवता."

पैलवान गाडीच्या मागे गेला आणि धड राहिलेल्या फरश्या उतरवू लागला. तेवढ्यात वरून ओळखीची गुरगुर आली आणि नवरदेवाची भरलेली गाडी येऊन थांबली.

"काय पैलवान, गटारात काय हरवलं?" मग वहिनी दिसल्या, तसा तो जरा वरमला. "लागलं नाही ना? वळण चुकलं का? पण सकाळी चढ काय मारलात! इंजिन कुठून उचललंत?"

पैलवानाने सगळं खरं सांगितलं. इंजिन धरत नाही, ब्रेक जळले, वाचलो ते या चरीमुळे. एवढं खरं तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता.

नवरदेव हसला. "बावीस वर्षं थापा मारल्यात आणि आजच खरं बोलताय?"

"अरे, घेऊ नकोस बाबा."

"नकोय ना तुम्हाला? मग मला द्या. उद्याच काढून नेतो."

"देणार नाही!" पैलवान ओरडला.

"बघा! चांगला माल कोण सोडतो? राहू द्या. वखारीत असली पुष्कळ पडलेली असतील."

"भावजी, खरंच सांगतायत हे," बायको उठून म्हणाली.

"वहिनी, तुम्हीसुद्धा!" नवरदेवाने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. त्याचं जुनं इंजिन गाडीला धरून, शांतपणे गुरगुरत सातव्या वळणाकडे निघालं. मागचा ब्रेकचा लाल दिवा एकदाही लागला नाही.

"त्याच्या बायकोचा नंबर आहे का तुमच्याकडे?" बायकोने विचारलं.

"नाही."

"राहतात कुठे?"

पैलवान हातातली फरशी तशीच धरून उभा राहिला. माणूस रोज भेटायचा, पण राहतो कुठे, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. खाली कुठेतरी ती गुरगुर आठव्या वळणाला लागली आणि ऐकू येईनाशी झाली.