सुभेदार सासरे आणि रोमन सैन्य

स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायची म्हणजे जिवावर येतं, पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. मी माझ्या सासऱ्यांना, निवृत्त सुभेदारांना, एका रविवारी पुन्हा नोकरीवर रुजू करून घेतलं. तेही रोमन सैन्यात.

सांगलीत आमच्या घरी दर रविवारी एक खेळ चालतो. मी, बायको अश्विनी आणि तासगावचा बेदाण्याचा व्यापारी मित्र विक्रम. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, एकानं गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट नेणारा म्हणजे मी. ही गोष्ट कुठल्या जगात घडवायची, त्याची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मिळतात. ती निवडण्यात माझा हात कोण धरणार, असा माझा समज होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामा, म्हणजे सासरे, पलूसहून महिनाभर आमच्याकडे राहायला आले. शेत लांब, मित्र लांब. दिवसभर खिडकीशी बसून असायचे. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आमचं दोघांचं बोलणं 'प्रवास बरा झाला?' आणि 'व्हय' याच्या पुढे सरकलं नव्हतं. अश्विनी म्हणाली, माझ्या आप्पांना खेळात घे.

माझ्याकडे दोन नवी पुस्तकं होती. एक ग्रीक पुराणकथांचं, त्यात पंखांचे घोडे, बोलणाऱ्या नद्या. दुसरं रोमन सैन्याच्या मोहिमांचं. आता यात विचार कसला करायचा? माणूस अठ्ठावीस वर्षं फौजेत! रोमनच. ऑफिसातून आलो की पंधरा दिवस मी त्या पुस्तकात डोकं घालून बसलो. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर नकाशे काढले, जंगलात शत्रू दडवला, घनघोर लढाई योजली.

रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. मी जोशात सांगितलं की तुम्ही सेनानायक, दोनशे सैनिक घेऊन जंगलाच्या तोंडाशी उभे आहात. बोला, काय करता?

मामांनी नकाशा निरखला. "पाणी कुठनं येतंय?"

पाणी मी काढलंच नव्हतं. घाईनं एक ओढा काढला. मग त्यांनी ओढ्यापासून लांब, उताराला संडासाचे चर खणायला लावले. खेचरांच्या चाऱ्याची सोय पाहिली. पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या, दोघांची रजा मंजूर केली. विक्रम हौसेनं महायोद्धा झाला होता, त्याला कांदे सोलायला बसवलं. दोन तास झाले, सैन्य जागचं हललं नव्हतं. जंगलातला शत्रू बहुतेक कंटाळून घरी गेला असावा.

मला वाटलं, काय रंगलेत मामा! मग मी आणखी अडचणींचा पुरवठा सुरू केला. तंबू गळतोय, एका शिपायाला ताप भरलाय, वरिष्ठ तपासणीला येतायत. मामा एकेक गोष्ट निमूट निस्तरत होते. तपासणीचं ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

चहाला थांबलो तेव्हा अश्विनीनं त्यांना मजा येतेय ना, असं विचारलं.

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येच केलं की अठ्ठावीस वर्षं. पर जावईबापूंना फौजेची लय आवड हाय, म्हणून बसलोय."

"मामा, मला कसली आवड? तुम्हाला आवडेल म्हणून घेतलं."

मामांनी कप खाली ठेवला. मग मामा हसले. माझ्यासमोर, तीन वर्षांत पहिल्यांदा. कपाटाकडे बोट करून हळूच म्हणाले, "त्ये पंखाच्या घोड्याचं पुस्तक कुणाचं हाय?"

रोमन सैन्य ओढ्याकाठी तसंच टाकलं. मामांनी घोडा घेतला आणि दिवेलागणीपर्यंत नुसते उडत राहिले. राक्षस आडवा आला, तर त्याला द्राक्षं खाऊ घालून दोस्त केलं. फासेसुद्धा मेले त्यांच्याच बाजूनं पडत होते.

आता ते दर रविवारी पलूसहून एसटीनं येतात. मध्यंतरी ते रोमन पुस्तक वाचायला घेऊन गेले होते, परवा परत आणलं. पुस्तक चांगलं आहे म्हणाले, फक्त जावईबापूंनी नीट वाचलेलं दिसत नाही.

मी जरा दुखावलोच. म्हणालो, सतराव्या पानावर नकाशे सुरू होतात, तिथून शब्द न शब्द वाचलाय.

मामांनी पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मोठ्या चौकटीत, जाड अक्षरांत छापलं होतं की कुठल्या जगात खेळायचं हे ठरवण्याआधी खेळणाऱ्यांना एकदा विचारून घ्या.